पत्रं लिहून देणारी मुलगी

युद्धात दोन्ही हात गेलेली एक मुलगी धातूचे हात बसवून टाइपरायटरपुढे बसते आणि लोकांची पत्रं लिहून देते. 'व्हायोलेट एव्हरगार्डन' या जपानी अ‍ॅनिमेशनपटाची ही नायिका. व्हायोलेटला कळायला लागल्यापासून लढण्याखेरीज काही येत नाही. मोठ्यांनी तिला हत्यार म्हणूनच वापरलं. मेजर गिल्बर्टने मात्र तिला नाव दिलं, लिहावाचायला शिकवलं आणि शेवटच्या लढाईत जखमी होऊन पडला असताना माझं तुझ्यावर प्रेम आहे, असं सांगितलं. म्हणजे नेमकं काय, हे तिला कळेना. ते कळावं म्हणून युद्धानंतर ती एका टपाल कंपनीत पत्रलेखिका होते.

हा चित्रपट ज्यावर बेतला आहे, त्या काना आकात्सुकी यांच्या कादंबरीला क्योटो अ‍ॅनिमेशन या स्टुडिओच्या स्पर्धेत 2014 साली सर्वोच्च पुरस्कार मिळाला. 2018 मध्ये तिच्यावर 13 भागांची मालिका आली आणि 18 सप्टेंबर 2020 रोजी 140 मिनिटांचा हा चित्रपट जपानमध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक ताइची इशिदाते, पटकथा रेइको योशिदा, संगीत इव्हान कॉल. देश काल्पनिक, गल्ल्या, आगगाड्या, पोशाख मात्र शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या युरोपातले वाटतात.

व्हायोलेटची सुरुवातीची पत्रं वाचण्यासारखी आहेत, कारण ती भयंकर आहेत. टायपिंगचा वेग अफाट, चूक एकही नाही, आणि मजकूर थेट लष्करी अहवालाचा. समोरचा बोलला ते जसंच्या तसं उतरवलं की पत्र झालं, असं तिला वाटतं. हळूहळू तिच्या ध्यानात येतं, की माणूस सांगायला येतो एक आणि त्याच्या मनात असतं भलतंच. युद्धातून परतून दारूच्या आहारी गेलेल्या भावासाठी त्याच्या बहिणीच्या वतीने ती एक पत्र लिहिते, तेव्हा ते जेमतेम दोन-चार ओळींचं असतं. तिचं पहिलं खरं पत्र ते.

हा धंदा आपल्याला परका नाही. मुंबईच्या जीपीओसमोर छत्रीखाली बसून गिरणी कामगारांची, हमालांची, घरकाम करणाऱ्या बायकांची पत्रं आणि मनीऑर्डरी लिहून देणारे लोक कित्येकांनी पाहिले असतील. बायकोला काय कळवायचं हे परक्या माणसासमोर मोठ्याने सांगायचं आणि त्याने ते कागदावर आणायचं. त्यात संकोच किती आणि मोकळीक किती, हे सांगणाऱ्यालाच ठाऊक. व्हायोलेटची गिऱ्हाइकं तिच्यासमोर अशीच अडखळतात.

मालिकेच्या दहाव्या भागात क्लारा नावाची आजारी आई आपल्या सात वर्षांच्या अ‍ॅनसाठी 50 पत्रं लिहून घेते. पुढच्या 50 वाढदिवसांना एकेक पोचवायचं. चित्रपट उघडतो तो त्यानंतर कित्येक वर्षांनी. अ‍ॅन म्हातारी होऊन वारली आहे, आणि तिची नात डेझी कामात बुडालेल्या आईला टाकून बोलून बसली आहे. आजीच्या घरात तिला ती पत्रं सापडतात आणि ती व्हायोलेटचा माग काढत निघते.

पण चित्रपटाचा जीव युरिसच्या गोष्टीत आहे. हा व्हायोलेटच्या काळातला, इस्पितळात पडून असलेला लहान मुलगा. आपण जगणार नाही हे त्याला माहीत आहे. आईवडिलांचे केविलवाणे चेहरे बघवत नाहीत म्हणून तो त्यांच्यावर खेकसतो, धाकट्या भावाशी तुटक वागतो, जिवलग मित्र लुकासला तर भेटूच देत नाही. आईबाबांना आणि भावाला आपण गेल्यावर द्यायची पत्रं तो व्हायोलेटकडून लिहून घेतो. लुकासचं पत्र राहून जातं. आणि शेवटची घटका येते तेव्हा व्हायोलेट दूरच्या बेटावर असते.

तिच्या जागी धावते तिची सहकारी आयरिस. शहरात नुकताच आलेला टेलिफोन तिला डोळ्यांसमोर नको असतो. याच्यामुळे आपली नोकरी जाणार, ही तिची धास्ती. युरिसमध्ये पत्र सांगण्याइतकं त्राण उरलेलं नाही, हे दिसल्यावर तीच आयरिस टेलिफोनची व्यवस्था करते. दोन मुलं तारेवरून बोलतात. पत्रांची एवढी महती गाणाऱ्या चित्रपटाने आपला सर्वांत हृद्य प्रसंग टेलिफोनला द्यावा, हे मला फार आवडलं. जुनं ते सोनं म्हणून उसासे टाकायचा मोह इथे सहज होता.

चित्रण हा वेगळाच विषय. रडवायचं म्हणून चेहरा मोठा करून दाखवण्यापेक्षा कॅमेरा अनेकदा हातांकडे, पावलांकडे वळतो. हातमोजा काढला की दिसणारी धातूची बोटं, त्यांचा प्रत्येक सांधा, कळांवर पडताना होणारा किणकिणाट, सगळं मनापासून केलेलं. चित्रपट क्योटो अ‍ॅनिमेशननेच केलेला; हा स्टुडिओ चित्रकारांना कामापुरते न बोलावता पगारावर ठेवतो, शिकवतो. त्या स्थैर्याचा फायदा चौकटीचौकटीत दिसतो.

18 जुलै 2019 रोजी क्योटोतल्या या स्टुडिओच्या इमारतीला एका माणसाने आग लावली. 36 जण गेले. 10 जानेवारी 2020 ला ठरलेला चित्रपट एप्रिलवर गेला, मग कोरोनामुळे सप्टेंबरवर. त्याआधी, 6 सप्टेंबर 2019 रोजी, याच नायिकेचा एक छोटा चित्रपट प्रदर्शित झाला होता. स्टुडिओत वर्ष न भरलेल्यांची नावं एरवी श्रेयनामावलीत येत नसत. त्या वेळी सगळ्यांची घातली. या आगीमुळे मोठ्या चित्रपटाकडेही श्रद्धांजली म्हणून पाहिलं जातं. पण तो आगीच्या आधी वर्षभर जाहीर झालेला होता. बोलायचं राहून गेल्याची हळहळ कथेत मुळापासूनच आहे, हे विसरू नये.

न पटलेलंही सांगतो. उत्तरार्धात, मेला असं समजलेला गिल्बर्ट जिवंत निघतो आणि सगळा भार त्या दोघांच्या भेटीवर येतो. तिला लहानपणी युद्धात उतरवणारा अधिकारी, आणि त्याच्यासाठी झुरणारी ती. वयातलं अंतर, अधिकारातलं अंतर खटकतं. गिल्बर्टला स्वतःला अपराधी वाटतं, पण पावसातला तो प्रसंग लांबतो आणि शेवट त्या अपराधाला फारच सहज माफ करतो. माझ्यापुरता चित्रपट युरिसच्या खोलीतच संपला.

पाहायचा असेल तर थेट चित्रपटाला हात घालू नका. आधी मालिका पाहा; तेवढी सवड नसेल तर निदान पहिले तीन भाग आणि दहावा. क्लाराची 50 पत्रं माहीत नसतील, तर डेझी आजीच्या घरात काय वाचत बसली आहे, याचा पत्ता लागणार नाही.