झिजलेले नाणे कसे ओळखावे?

शेत नांगरताना किंवा विहिरीचा गाळ उपसताना सापडलेले तांब्याचे नाणे विद्यार्थी कुतूहलाने शाळेत आणतात. माझ्या शिक्षकी पेशाच्या आरंभी असेच एक हिरवट नाणे एका मुलाने माझ्या हाती दिले. मी ते चिंच व राख लावून लख्ख घासले. नाणे चकाकले, परंतु त्यावरील पुसट अक्षरे कायमची नाहीशी झाली. “गुरुजी, हे कोणाचे?” या त्याच्या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर उरले नाही.

तांब्यावरील हिरवा थर म्हणजे केवळ मळ नव्हे. धातूवर जमिनीतील ओल व क्षार यांची क्रिया होऊन तो बनतो, आणि झिजलेल्या अक्षरांची खूण पुष्कळदा त्या थरातच टिकून असते. म्हणून नाणे घासू नये. सुटी माती मऊ कुंचल्याने झाडावी. नाणे कडेने धरून तिरप्या उजेडात हळूहळू फिरवावे. सावलीमुळे उठाव स्पष्ट होतो. दिसेल तेवढेच वहीत रेखाटावे आणि वजन व व्यास यांची नोंद करावी.

आपल्याकडे पुष्कळ आढळणारी शिवराई उदाहरणादाखल घेऊ. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ हा मजकूर तीन ओळींत व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हा शब्द दोन ओळींत असतो. कडेने ठिपक्यांचे वर्तुळ असते. साचा चकतीहून मोठा असल्याने सर्व अक्षरे सहसा उमटत नसत. तथापि ‘जा’ किंवा ‘ति’ एवढे जरी योग्य जागी दिसले, तरी नाणे ओळखण्यास मोठे साह्य होते. मात्र येथे एक सावधगिरी हवी. १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेला हा मजकूर पुढील काळातील नाण्यांवरही दीर्घकाळ चालू राहिला. तेव्हा ‘ही शिवराई आहे’ असे म्हणावे. ‘ही शिवाजी महाराजांच्याच काळातील आहे’ असे तेवढ्यावरून म्हणू नये. याउलट कंपनी सरकारच्या १८३५ च्या पाव आण्यावर वर्षच कोरलेले असते.

नाणे कोठे, किती खोलीवर व कशासोबत सापडले, हेही अवश्य लिहून ठेवावे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे, हे पालकांस समजावून द्यावे.

जे दिसते ते आणि जे आपण तर्काने म्हणतो ते, यांतील भेद मुलांना या लहानशा चकतीवरून शिकविता येतो. त्यासाठी शिक्षकाने प्रथम आपला हात आवरावयास हवा.