कोतवालाची चावडी

‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण आपण सगळे वापरतो. घरात दूध मांजर पिते आणि मार धाकट्याला बसतो, तेव्हाही वापरतो. पण म्हणीत संन्यासीच का आला, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. वाण्याला का नाही, पाटलाच्या पोराला का नाही? याचे उत्तर सोपे आहे. संन्याशाला गाव नाही, गोत नाही. त्याच्यामागे चावडीवर येऊन ‘हा आमचा, आम्ही याला ओळखतो’ असे म्हणणारे कोणी नाही. ज्याला जामीन नाही तो चोर ठरवायला सोयीचा. आज ज्या प्रकरणाबद्दल बोलायचे आहे ते याच म्हणीचे एक भयंकर उदाहरण आहे. ते घडले पुण्यास, १७९१ च्या श्रावणात. पण त्याची एक गाठ आपल्या कुलाब्याच्या किनाऱ्याशीही बसते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. पुढे ‘भाऊ तो मीच’ म्हणणारा एक तोतया उत्तरेत निघाला. त्याला धरून रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवले होते. १७७६ साली किल्ल्याच्या अंमलदारानेच त्याला सोडले. मग काय विचारता! कोकणातले किल्ले भराभर त्याच्या हाती जाऊ लागले आणि हजारो माणसे त्याच्या निशाणाखाली जमली. शेवटी पेशव्यांच्या फौजेपुढे त्याचा मोड झाला. गलबतात बसून तो समुद्रमार्गे पळाला तेव्हा रघूजी आंग्र्यांनी त्याला पकडून पुण्याच्या हवाली केले. डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. त्याला सामील झालेल्यांनाही शिक्षा झाल्या.

हे होऊन दोन महिने उलटतात न उलटतात तोच, फेब्रुवारी १७७७ मध्ये, घाशीराम सावळदास हा मूळचा उत्तर हिंदुस्थानी, औरंगाबादेकडून आलेला गौड ब्राह्मण पुण्याचा कोतवाल झाला. या दोन गोष्टींचा थेट संबंध दाखविणारा कागद मी पुढे करीत नाही, हा माझा तर्क आहे. पण वेळ पाहा. गादीवर तीन वर्षांचे मूल, राघोबादादा इंग्रजांच्या आसऱ्याला, आणि ‘भाऊ परत आले’ म्हणताच लोक उठतात हे नुकतेच दिसलेले. अशा वेळी कारभाऱ्याला शहरात कोण आला, कोण गेला, कोण कुणाच्या वाड्यात रात्री बसतो हे सांगणारा माणूस हवा असतो. तो गावकीत न गुंतलेला, परका असला तर अधिक बरा. नाना फडणिसांना तसा माणूस मिळाला, आणि त्यांनी तो साडेचौदा वर्षे टिकविला.

आता कोतवाल म्हणजे कोण? आपल्या डोळ्यांपुढे लगेच पट्टेवाला, मिशीवाला, हातात छडी घेतलेला माणूस येतो. पेशवाईतल्या कोतवालाचे काम याहून फार मोठे होते. बाजारातले भाव आणि वजनेमापे पाहणे, रस्त्यांवरचे तंटे तोडणे, घराजागांच्या खरेदीविक्रीवर देखरेख ठेवणे, शहराची खानेसुमारी करणे, सरकारी कामाला मजूर पुरविणे, जुगारावर नजर ठेवणे, परगावाहून येणाऱ्याजाणाऱ्यांची दाद ठेवणे, हे सारे त्याचे. पेठांतून चावड्या असत, हाताखाली प्यादे असत. रात्री तोफ झाली की रस्त्यावर कोणी फिरकायचे नाही. फिरकला तर सकाळपर्यंत चौकीत.

आजच्या भाषेत सांगायचे तर पोलीस, नगरपालिका, वजनमाप खाते आणि खालच्या वर्गाचा मॅजिस्ट्रेट हे सगळे एका पागोट्याखाली होते. धरणारा तोच, पुरावा जमविणारा तोच, आणि दंड ठोठावणारा पुष्कळदा तोच. दंड म्हणजे सरकारी जमेतली एक बाब. चोरीचा दंड, भांडणाचा दंड, ‘बदकर्मा’चा दंड. ज्या अंमलदाराची मर्जी जमेच्या आकड्यावर राखली जाते, त्याला शहरात गुन्हे कमी होऊन चालत नाही. हे वाक्य विचित्र वाटेल, पण खरे आहे.

दुसरीही एक अडचण होती. आपल्याकडे जुना कायदा असा की चोरीचा माग काढायचा तो रखवालदाराने. खेड्यात जागल्या किंवा रामोशी पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जाई. माग पुढच्या गावात शिरला तर जबाबदारी त्या गावावर, नाही शिरला तर भरपाई आपल्या गावावर. शहरात ही जबाबदारी कोतवालाच्या डोक्यावर. व्यवस्था म्हणून ती वाईट नव्हे. पुण्यात चोऱ्या फार होत नसत असे पुढे एल्फिन्स्टनसाहेबानेही लिहून ठेवले आहे. पण चोर सापडलाच पाहिजे असे झाले म्हणजे कोणीतरी सापडतोच. आणि मग संन्यासी येतो.

हे दुखणे आपल्या एकट्याचे नव्हे. चीनच्या बादशाहीत जिल्ह्याचा दंडाधिकारी याच साच्याचा होता. त्याच्या कचेरीला ‘यामेन’ म्हणत. त्याला स्वतःच्या प्रांतात नेमीत नसत, म्हणजे तोही परका. परीक्षा उत्तीर्ण झालेला मोठा विद्वान, पण चौकशी आणि निवाडा दोन्ही त्याच्याकडे. हाताखालच्या शिपायांना पगार नावापुरता, पोट चालायचे ते पक्षकारांकडून उकळलेल्या पैशावर. खुनाचा छडा ठराविक मुदतीत लागला पाहिजे, आणि आरोपीच्या कबुलीवाचून खटला पुरा होत नाही. कबुली येत नसेल तर घोटे दाबायचे लाकडी यंत्र कायद्यानेच मंजूर. आता सांगा, निरपराध माणूस कबुली देणार नाही तर काय करील?

या यंत्रातून गेलेला एक माणूस चीनमध्ये अजून घरोघर माहीत आहे, त्याचे नाव यांग नाइवू. हांगचौजवळच्या युहांग गावचा हा सुशिक्षित गृहस्थ १८७३ साली प्रांताची परीक्षा उत्तीर्ण झाला. त्याच वर्षी त्याचा एक जुना भाडेकरू, सोयाबीनच्या पनीराच्या दुकानात काम करणारा गरीब माणूस, आजारी पडून मेला. प्रेत काळवंडलेले पाहून विषप्रयोगाची शंका निघाली. तपासणीत रुप्याची सळई काळी पडली. ती सळई नियमाप्रमाणे धुतलीच नव्हती, हे नंतर उघडकीस आले. दंडाधिकारी लिऊ शितोंग याने मृताच्या तरुण बायकोला यातना दिल्या, तिने यांगचे नाव घेतले. मग यांगला यातना दिल्या, त्याने सोमल विकत घेतल्याची कबुली दिली. मग ज्या औषधवाल्याचे नाव त्याने घेतले होते, त्याच्याकडून सोमल विकल्याचा खोटा जबाब लिहवून घेतला. एका खोट्याला दुसऱ्या खोट्याचा टेकू, दुसऱ्याला तिसऱ्याचा. वरच्या कचेऱ्यांनी कागद पाहिले. कागद चोख होते. जिल्ह्याने म्हटले ते विभागाने उचलले, विभागाने म्हटले ते प्रांताने. दोघांनाही मृत्युदंड.

ते वाचले कशाने? यांगची बहीण आणि बायको यांनी पेकिंगपर्यंत जाऊन अर्ज केले, आणि शांघायचे ‘शेनपाओ’ हे नुकतेच १८७२ मध्ये सुरू झालेले वर्तमानपत्र या खटल्याची हकीकत छापीत राहिले. शेवटी १८७७ च्या आरंभी शवपेटी पेकिंगला आणून हाडांची तपासणी झाली. विषाचा मागमूस नव्हता, तो माणूस रोगानेच मेला होता. लिऊला दूर उत्तर सीमेवर हद्दपार केले, प्रांताचा सुभेदारही पदावरून गेला. यांग घरी परतला, रेशमाचे किडे पाळून त्याने चरितार्थ केला आणि १९१४ साली तो वारला. परीक्षेची पदवी मात्र त्याला परत मिळाली नाही.

पुण्याच्या तेलंगी ब्राह्मणांना बहीण नव्हती असे नाही, पण ती पार गोदावरीच्या, कृष्णेच्या मुखाकडे कुठेतरी.

श्रावणात पुण्याला दक्षिणा वाटीत. मूळ प्रथा तळेगावच्या दाभाड्यांची, पेशव्यांनी ती आपल्याकडे घेऊन वाढविली. देशाच्या कानाकोपऱ्यातून ब्राह्मण येत आणि पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात त्यांना दक्षिणा मिळे. १७९१ च्या ऑगस्टअखेर असाच एक तेलंगी ब्राह्मणांचा जथा परतीच्या वाटेवर घाशीरामाच्या बागेत उतरला. भूक लागलेली, बाग समोर. त्यांनी काही फळे, कणसे तोडली. तोडली असतील, खाल्ली असतील, त्यात वाद नको. बागेच्या माळ्याशी बाचाबाची झाली, कोतवालाकडे वर्दी गेली. प्याद्यांनी येऊन सगळ्यांना धरले आणि एका अरुंद, वारा न येणाऱ्या कोठडीत कोंडले.

किती होते? निरनिराळ्या हकीकतींत आकडे थोडे वेगळे पडतात. सुमारे ३५ आत गेले आणि २० हून अधिक गुदमरून मेले, एवढे त्यांवरून निघते. कलकत्त्याच्या अंधारकोठडीचा १७५६ चा प्रसंग आपल्या पिढ्यांनी इंग्रजी पुस्तकांतून पाठ केला. पुण्याच्या कोठडीवर मुलांना कधी प्रश्न आलेला माझ्या पाहण्यात नाही.

पण या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते कोंडणे नव्हे. कोंडण्यात क्रूरपणा होता, तसा निष्काळजीपणाही असू शकेल. खरे पाप पुढचे आहे. माणसे मेली हे कळल्यावर घाशीरामाने नानांकडे जाऊन सांगितले की ते चोर होते. अफू खाऊन मेले, असेही त्याने सांगितल्याचे म्हणतात. प्रेते जाळायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. पाहिलेत? विद्वान याचक एका वाक्यात भामटे झाले, आणि कारभाऱ्याच्या दप्तरी तेवढे वाक्य पुरले. चौदा वर्षांच्या भरवशाचा माणूस सांगतो आहे, तपासायचे कशाला! चिनी प्रांताधिपतींनी जे केले तेच इथे झाले. फरक एवढाच की तिथे कागद चोख होता आणि इथे माणूस.

कोठडीतला आक्रोश मानाजी फाकड्यांच्या कानी गेला आणि त्यांनी कुलूप तोडून दार उघडविले, म्हणून हे बाहेर फुटले. मानाजी हे शिंद्यांच्या घराण्यातले नावाजलेले शिपाईगडी. कोतवालाच्या दाराचे कुलूप तोडायला तसाच माणूस लागतो. त्यांनी सरळ पेशव्यांना वर्दी दिली. सवाई माधवराव तेव्हा सतरा वर्षांचे होते. बातमी शहरात पसरली. शहरातले तेलंगी जमून नानांच्या दारी धरणे धरून बसले. रामशास्त्री १७८९ मध्येच निवर्तले होते, न्यायाधीशाच्या जागी अय्याशास्त्री होते. त्यांनी कोतवालाला देहान्ताहून कमी शिक्षा नाही असे धरले. नाना टाळाटाळ करीत होते असे दिसते, पण जमाव हलेना.

३१ ऑगस्ट १७९१ रोजी घाशीरामाला हत्तीवर बांधून शहरभर फिरविले आणि शेवटी तेलंगांच्या स्वाधीन केले. त्यांनी त्याला दगडांनी ठेचून मारले.

लोकांना हे न्याय्य वाटले. पुष्कळांना अजून वाटते. मला मात्र यात न्यायापेक्षा घाई अधिक दिसते. साडेचौदा वर्षांच्या कोतवालीत त्या चावड्यांवरून आणखी किती जणांना ‘चोर’ म्हणून कोंडले, किती दंड खरे आणि किती बनावट, त्या पैशाचा वाटा कुठवर गेला, हे प्रश्न जिवंत घाशीरामाला दरबारात उभे करून विचारता आले असते. दोन दिवसांत तो मेला आणि त्याच्याबरोबर त्याची उत्तरेही गेली. ज्यांच्या परवानगीने प्रेते जळणार होती त्या नानांच्या कारभाराला या प्रकरणाने धक्का लागला नाही. पुढे त्यांचे बरेवाईट दिवस आले ते दुसऱ्या कारणांनी. नानांची बुद्धी, त्यांनी सांभाळलेले राज्य, यांचे मोल मी कमी करीत नाही. पण त्यांचे चरित्र लिहिणाऱ्याने हे पान चिकटवून ठेवू नये.

परका कोतवाल, परके मेलेले. घाशीरामाला दूषणे देणे पुण्याला सोपे गेले ते त्यामुळेही. १८६३ साली मोरोबा कान्होबांनी ‘घाशीराम कोतवाल’ नावाचे पुस्तक लिहिले. त्यात कोतवाल बसून नाना तऱ्हेच्या लोकांशी देशोदेशींच्या चमत्कारिक गोष्टी बोलतो. बहुश्रुत करमणूक आहे, पण बागेतल्या कोठडीसाठी ते वाचू नये. डिसेंबर १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे त्याच नावाचे नाटक पुण्यात रंगभूमीवर आले आणि मोठा गदारोळ झाला. त्या नाटकात पुण्यात आलेल्या परदेशी घाशीरामावरच आधी चोरीचा खोटा आळ येतो आणि त्या अपमानातून पुढचा कोतवाल घडतो. हे नाटककाराचे आहे, दप्तरातले नव्हे, आणि आपण इतिहास लिहिला असा तेंडुलकरांचा दावाही नव्हता. तरी चावडीचे मर्म त्यांनी नेमके पकडले आहे. ज्याच्यावर आळ घेता येतो आणि जो आळ घेतो, त्या दोघांत अंतर असते ते फक्त हुकुमाच्या एका कागदाचे.

घाशीराम गेल्यावर कोतवाली मोडली नाही. ती जागा भरली गेली, चावड्या चालू राहिल्या, प्यादे तेच. पुण्यात राहून गेलेल्या टोन नावाच्या आयरिश लष्करी माणसाने त्याच दशकात शहराच्या बंदोबस्ताचे मोठे कौतुक लिहिले आहे. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडलेल्या खुद्द पेशव्यालाही चौकीत रात्र काढावी लागल्याचे तो सांगतो. सकाळी त्याला सोडून दिले.