गजकर्णाचें मलम आणि त्वग्रोगतज्ज्ञांची संघटना

ज्वर आला तर घरांतील वडील मंडळी डॉक्टरांस बोलावतात; कमरेस किंवा जांघेंत गजकर्ण उठलें तर मात्र ज्याचें त्यानें गुपचूप निस्तरावें, अशी आपल्या सुशिक्षित घरांतहि रीत आहे. सुनेनें सासूस सांगावयाचें नाहीं, मुलानें वडिलांस सांगावयाचें नाहीं. औषधांच्या दुकानांतून मलमाची एक नळी आणावयाची आणि कपाटांत लपवून ठेवावयाची. या गुप्ततेची किंमत केवढी आहे, आणि ती कमी करण्याच्या कामीं डॉक्टरांच्या संघटनेचा उपयोग काय, याचा विचार येथें करावयाचा आहे.

बारामती व इंदापूर या तालुक्यांचेंच उदाहरण घ्या. नीरेच्या डाव्या कालव्यानें हा मुलूख बागाइती केला. उसाच्या फडांत भर उन्हाळ्यांतहि ओल असते आणि काम करणाराचें अंग घामानें भिजलेलें असतें. उष्णता, ओलावा व घट्ट कपडे हें त्रिकूट गजकर्णाच्या बुरशीस फार मानवतें. बरें, हा विकार फडांतल्या मजुरापुरताच राहतो असेंहि नाहीं. एकत्र कुटुंबांत पंचे, टॉवेल, अंथरुणें सामाईक असतात. एकाचें गजकर्ण बघतां बघतां चौघांचें होतें.

आतां त्या नळींत असतें काय? पुष्कळ मलमांत बुरशीनाशक औषधाबरोबर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन यांसारखें तीव्र स्टेरॉइड मिसळलेलें असतें. त्यानें दाह व खाज दोन दिवसांत शमतात आणि रोगी मलमाचे गुण गातो. वस्तुतः शमलेला असतो तो शरीराचा प्रतिकार. बुरशी जिवंत राहून निर्धास्तपणें पसरते. गजकर्णाची ओळखीची गोल कड पुसट होते, म्हणून पुढें निदानहि कठीण जातें. मलम थांबवितांच खाज दुपटीनें उठते. पुन्हां नळी, पुन्हां तोच फेरा. कातडी पातळ पडते, जांघेंत कायमचे वळ उमटतात. गोरेपणाच्या आशेनें मुलींनीं असलेंच मलम तोंडास लाविलें, तर चेहरा लाल होऊन उन्हांत जळजळतो व नको तेथें लव वाढते. नेहमींच्या औषधांस सहजासहजीं दाद न देणारी बुरशीची एक जात आज आपल्या देशांत बळावली असून, २०२० मध्यें तिला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असें नांव मिळालें. अशा मलमांच्या दुरुपयोगानें तिला हातभार लागला, असें तज्ज्ञ मानतात.

येथें एकटा डॉक्टर काय करणार? समोरच्या रोग्यास तो नळी टाकून दे म्हणेल. दुकानदारास कांहीं म्हणालाच, तर ‘धंदा बुडतो म्हणून ओरडतो’ असा उलट आक्षेप येईल. संघटनेचें कार्य येथून सुरू होतें. ‘इंडियन असोसिएशन ऑफ डर्मॅटॉलॉजिस्ट्स, व्हेनेरिऑलॉजिस्ट्स अँड लेप्रॉलॉजिस्ट्स’ ही अखिल भारतीय संघटना १९७३ मध्यें दोन जुन्या संस्थांच्या एकीकरणानें बनली. तिच्या मुखपत्राचा उगम त्याहून जुना. १९३५ मध्यें मुंबईस डॉ. यू. बी. नारायण राव यांनीं काढलेल्या नियतकालिकांत तो आहे. या मुखपत्रांत २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, चेहऱ्याच्या विकारासाठीं आलेल्या २,९२६ रोग्यांपैकीं ४३३ जण तोंडास स्टेरॉइड लावीत असल्याचें आढळलें. म्हणजे सुमारें सातांत एक! पुढें संघटनेनें या दुरुपयोगाविरुद्ध खास कृतिदल नेमलें व सरकारकडे दाद मागितली. २०१८ मध्यें केंद्र सरकारनें १४ स्टेरॉइडांचीं मलमें ‘अनुसूची एच’मध्यें घालून डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून त्यांची विक्री निषिद्ध ठरविली. एकट्याच्या तक्रारीस जें वजन नव्हतें, तें अनेकांच्या एकत्रित पुराव्यास आलें.

कायदा झाला, तरी चिठ्ठीवांचून नळी मिळणें सर्वत्र थांबलें असें नाहीं. शिवाय तज्ज्ञ शोधीत पुण्यास जावयाचें म्हणजे इंदापूरच्या मजुराचा दिवसाचा रोज बुडतो, हा आक्षेपहि रास्त आहे. बारामतीस २०१९ मध्यें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि गांवोगांवच्या सामान्य डॉक्टरांस व औषधविक्रेत्यांस शहाणें करणें, हें संघटनेचें मोठें कर्तव्य अद्याप उरलेंच आहे.

बाकीचें काम घराचें. प्रत्येकाचा पंचा वेगळा ठेवावा, कपडे उन्हांत वाळवावे, आणि घरांत ज्यांना ज्यांना गजकर्ण असेल त्या सर्वांनीं एकाच वेळीं औषध घ्यावें. चट्टा सुन्न असेल तर तो कुष्ठरोगाचा असूं शकतो. तो आज औषधानें पूर्ण बरा होतो व सरकारी दवाखान्यांत तें औषध विनामूल्य मिळतें. संघटनेनें गुप्तरोग व कुष्ठरोग यांस आपल्या नांवांतच स्थान दिलें आहे. ज्या रोगांची लोकांस लाज वाटते तेच तिनें आपले मानले. घरांतील वडीलधाऱ्या बायकांनींहि ‘अंगावर कांहीं उठलें असेल तर मला सांगा’ एवढें एकदां मोकळेपणानें म्हटलें, तर पुष्कळ नळ्या दुकानांतच राहतील.