तोरण्या धरणारे हात

चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सगळ्यांच्या माना वर असतात. रंगीत कापडानं मढवलेल्या, तीस-पस्तीस फुटी सासनकाठ्या गुलालाच्या ढगात डुलत असतात आणि ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ची आरोळी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाते. मी मात्र काठीच्या बुडापाशी उभा राहतो. यात्रा कळते ती तिथं.

बुडाला धरायला लाकूड जोडलेलं असतं. एक जण पाय रोवून काठी पेलतो आणि हलगीच्या ठेक्यावर नाचवतो. पण नाचवणारा काठी सावरत नाही. ती सावरतात तोरण्या धरणारे. शेंड्याकडून चहूबाजूंना सोडलेल्या या दोऱ्या ज्यांच्या हातात, त्यांचं लक्ष क्षणभरही ढळत नाही. काठी उजवीकडे कलली की डावीकडचा ओढतो, उजवीकडच्यानं त्याच घटकेला दोर सोडायचा. दोघांनी एकदम ओढलं तर वेळू मध्येच वाकतो. दोघांनी सोडलं तर काठी गर्दीवर येते. गुलालानं डोळे चुरचुरत असतात, वाद्यांमुळं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून हे लोक एकमेकांकडं बघतच नाहीत. हाताला दोराचा ताण कळतो, त्यावरून समोरच्यानं काय केलं ते कळतं. एका म्हाताऱ्या तोरणीवाल्याला विचारलं, कधी ओढायचं हे कसं ठरवता? त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, ‘‘काठीच सांगती की.’’ आणि लगेच समोरच्या पोराला ओरडले, ‘‘ढील दे रं, ढील!’’

पायऱ्या आल्या की कस लागतो. इथं नाच थांबतो. बुडाकडचे एकेक पायरी चाचपत उतरतात, मागचे दोर ताणून धरतात, पुढचे हळूहळू सोडतात. तेवढ्या वेळात मागची काठी रेटत येत असते, तिलाही थोपवायचं असतं. ‘बेभान गर्दी’ असं या यात्रेचं वर्णन वाचलं की मला राग येतो. इतकं भान ठेवून केलेलं काम मी फार कमी ठिकाणी पाहिलंय.

हे कशासाठी, याचं उत्तर गोष्टीत आहे. करवीरच्या अंबाबाईला रत्नासुर, रक्तभोज अशा दैत्यांनी गांजलं, तेव्हा तिच्या हाकेला केदारनाथ उत्तरेतून धावून आला. तोच जोतिबा, ब्रह्मा, विष्णू, महेश आणि जमदग्नी यांचं तेज एकवटलेला, हातात खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि अमृतपात्र घेतलेला. म्हणून सासनकाठी हे त्याच्या फौजेचं निशाण आणि गुलाल विजयाचा. काठी खाली पडू द्यायची नाही, यामागची जिद्द तिथून येते. तोरणी धरणारा शेतकरी ही कथा नुसती ऐकत नाही. त्या फौजेत त्याला रीतसर जागा आहे.

ती जागा पिढीजात असते. मिरवणुकीत पहिला मान साताऱ्याकडच्या निनाम पाडळीच्या काठीचा. विहे, कसबा डिग्रज, कसबा सांगाव, किवळ अशा गावांच्या काठ्यांनाही आपापला मान आहे. मूळ देऊळ किवळच्या नावजीनं बांधलं असं सांगतात; 1730 मध्ये राणोजी शिंद्यांनी त्याला आजचं रूप दिलं. ग्वाल्हेरला राज्य उभारलेल्या शिंद्यांचं कुलदैवत ते हेच. तरीही पौर्णिमेला डोंगरावर मोठेपणा असतो तो पाडळीच्या काठीचा, हे मला फार मोलाचं वाटतं.

कोल्हापूरकरांची ओढ आणखी एका गोष्टीत आहे. दैत्य मारून झाल्यावर देव परत निघाला, तेव्हा अंबाबाई अनवाणी चालत डोंगरावर आली आणि तिनं त्याला थांबवून घेतलं. तिच्या वाटेनं आजही माघातल्या रविवारी लोक वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख असे अनवाणी खेटे घालतात. पराक्रमाइतकंच या देवाचं राहणं लोकांना प्रिय आहे. बायाबापड्या त्याच्याशी बोलतात तेही घरातल्या कर्त्या माणसाशी बोलावं तसं. पिकाचं सांगतात, लेकीच्या बाळंतपणाचं सांगतात, दवणा वाहतात आणि उठतात.

2020 आणि 2021 साली करोनामुळं यात्रा भरली नाही. त्याबद्दल बोलताना एक तोरणीवाला म्हणाला, ‘‘देवाला काय, देव हाईच. आमच्या पोरांचा हात मोडला.’’ नव्या पोरांना शिकवायचं राहून गेलं, असं त्याला म्हणायचं होतं. हे काम सांगून शिकवता येत नाही. पोराला आधी नुसतं जवळ उभं करतात, मग दोराच्या शेपटाला हात लावू देतात, आणि मोकळं मैदान असेल तिथंच दोर हातात देतात. पायऱ्यांवर नाही.

संध्याकाळी जोतिबाची पालखी यमाईच्या देवळाकडं निघते. काठ्या पुढं, पालखी मागं. गच्च्यांवरून, कठड्यांवरून गुलाल-खोबरं उधळलं जातं. खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या फेकणं बंदच व्हायला हवं; खाली ज्याचे दोन्ही हात दोरात अडकलेत त्याला डोकं झाकता येत नाही. माझ्या शेजारच्या तोरणीवाल्याच्या कपाळावर एक वाटी बसली. त्यानं डोळे मिटले नाहीत, दोर सोडला नाही. मागच्यानं त्याचं कपाळ पंच्यानं पुसलं, ‘‘तात्या, बदलू का?’’ विचारलं. तात्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि वळणावर दोर आखडून घेतला.