कोर्टाचा आदेश आला म्हणजे सगळं संपलं, असं नाही

आजचा विषय ऐकायला जड आहे, पण कर्जात अडकलेल्या घराच्या कामाचा आहे.

कर्ज फेडणं आवाक्याबाहेर गेलं की माणूस कोर्टात 'मी नादार आहे' असा अर्ज करू शकतो. ज्याचे पैसे द्यायचे आहेत तो धनकोही तसा अर्ज करू शकतो. आपल्या जिल्ह्यात त्यासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा चालतो. २०१६ साली नवा कायदा आला, पण साध्या माणसाच्या कर्जासाठीचा त्यातला भाग लागू झालेला नाही.

नादार ठरल्यावर त्या माणसाची मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात जाते. ती विकून तो देणी भागवतो. पण अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, शेतकऱ्याचं राहतं घर, शेतीची अवजारं आणि पोटापुरती लागणारी बैलजोडी यांना हात लावता येत नाही.

आता समजा, नवरा नादार ठरला आणि रिसीव्हरच्या यादीत तुमचं शिलाई मशीन, माहेरचे दागिने, गटाच्या कर्जातून घेतलेल्या शेळ्या आल्या. मग काय? नवऱ्याचं कर्ज म्हणजे तुमचं कर्ज नव्हे. स्त्रीधन तुमचं एकटीचं. कर्जाच्या कागदावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून तुमची सही असेल, तर मात्र तुम्हीही देणं लागता. आणि नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत नवऱ्याने शेत फुकट तुमच्या नावे केलं असेल, तर कोर्ट ते रद्द करू शकतं.

वस्तू खरोखर तुमची असेल, तर आधी त्याच कोर्टात तसा अर्ज द्या. अर्ज फेटाळला, तर अपील करा. अपील नवऱ्यानेच करावं असं नाही. कलम ७५ प्रमाणे त्या आदेशाने जिचं नुकसान होतं ती बाईसुद्धा अपील करू शकते.

मुदत मात्र कडक आहे. आदेश खालच्या कोर्टाचा असेल, तर बुलढाण्याच्या जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत अपील करायचं. जिल्हा न्यायालयाचाच असेल, तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात ९० दिवसांत. तिथे काही आदेशांसाठी आधी परवानगी घ्यावी लागते. दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजतात. म्हणून त्याच आठवड्यात आदेशाच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज टाका. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वगळतात. उशीर झालाच, तर खरं कारण लिहून विलंब माफीचा अर्ज देता येतो.

आणखी एक गोष्ट. नुसतं अपील केल्याने लिलाव थांबत नाही. त्यासाठी स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. तो अपिलासोबतच द्या.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा, किंवा १५१०० या नंबरवर फोन करा.

कोर्ट पुरावा मागतं, आणि तो आपल्याच हातात असतो. मशीनची पावती, बँकेचं पासबुक, कर्ज कशासाठी आणि कोणाला दिलं याची गटाच्या वहीतली नोंद. येत्या मासिक बैठकीत प्रत्येकीच्या नावापुढची नोंद तारखेसकट पूर्ण आहे ना, एवढं नक्की बघा.