बापाची कर्जं फेडायला पोराने प्लॉट पाडले अन् कॅलिफोर्नियाची राजधानी उभी राहिली

१८३४ साल. स्वित्झर्लंडच्या बुर्गडॉर्फ गावात जोहान ऑगस्ट सूटर नावाच्या माणसाचं दुकान बुडालं. देणेकरी दारात यायच्या आत गडी बायको ॲनेट आणि पाच लेकरांना मागे सोडून अमेरिकेला पळाला.

तिकडे तो ‘कॅप्टन जॉन सटर’ झाला. १८३९ मध्ये कॅलिफोर्नियात पोहोचला. तेव्हा हा मुलूख मेक्सिकोचा होता. सटरने मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं आणि १८४१ मध्ये जवळपास ४८ हजार एकर जमीन पदरात पाडून घेतली. वसाहतीला नाव दिलं न्यू हेल्वेशिया, म्हणजे नवं स्वित्झर्लंड.

पण ही जमीन मोकळी नव्हती. तिथे निसेनान आणि मिवोक आदिवासी पिढ्यान् पिढ्या राहत होते. सटरचं साम्राज्य त्यांच्याच वेठबिगारीवर उभं राहिलं.

२४ जानेवारी १८४८ ला कोलोमा इथे, सटरच्या लाकूड गिरणीच्या कामावर जेम्स मार्शलला सोनं सापडलं. झालं, सटरचे कामगार सोनं शोधायला पळाले आणि बाहेरून आलेल्या लोकांनी त्याची जमीन बळकावली.

त्याच वर्षी थोरला मुलगा ऑगस्ट तिथे पोहोचला. वय २१. बाप गेला तेव्हा तो ७ वर्षांचा होता. सटर इथेही कर्जात बुडालेला. देणेकऱ्यांच्या हाती मालमत्ता लागू नये म्हणून त्याने ती पोराच्या नावावर केली.

बापाने कर्ज टाळलं होतं, पोराने ते फेडायचं ठरवलं. त्याने नदीकाठी जमीन मोजून घेतली, प्लॉट पाडले आणि विकले. हेच सॅक्रामेंटो, १८५४ पासून कॅलिफोर्नियाची राजधानी.

बाप मात्र खवळला. त्याला शहर जवळच, स्वतःच्या नावाच्या सटरव्हिलला हवं होतं. बाप-लेकात फाटलं ते फाटलंच. आजारी ऑगस्ट मेक्सिकोला निघून गेला. पुढे तो अकापुल्कोत अमेरिकेचा कॉन्सुल झाला.

१८५० मध्ये ॲनेट आली. नवऱ्याची भेट १६ वर्षांनी झाली. पुढे १८६५ मध्ये त्यांचं घर जाळण्यात आलं. सटर भरपाईसाठी काँग्रेसकडे खेटे घालत राहिला आणि १८८० मध्ये वॉशिंग्टनच्या हॉटेलात वारला. काही महिन्यांतच ॲनेटही गेली. पेनसिल्व्हेनियातल्या लिटिट्झ गावात दोघं शेजारी आहेत.

ऑगस्ट १८९७ मध्ये मेक्सिकोतच वारला. १९६४ मध्ये त्याचे अवशेष सॅक्रामेंटोला आणले गेले, त्याने वसवलेल्या शहरात.