गाडीतला आवाज : आधी तार, मग बटण

हल्ली पुष्कळ शेतकरी कुटुंबांच्या दारात पिकअप किंवा जीप उभी असते. सकाळी त्याच गाडीतून भाजी बाजारात जाते, दुपारी खताच्या गोण्या येतात आणि लग्नसराईत घरची माणसे वऱ्हाडाला जातात. गाडी घरात आली, की तरुण मुले तिच्यात आवाजाची मोठी पेटी म्हणजे सबवूफर आणि त्याला जोर देणारा अँप्लिफायर बसवून घेतात. हौस वाईट नव्हे. मात्र ज्या गाडीवर घराचा बाजार अवलंबून आहे, तिच्यात हे काम हलगर्जीपणाने होता कामा नये.

आमच्या भागातील एका टोमॅटो उत्पादकाच्या घरी काय झाले पाहा. मुलांनी रात्री अंगणात इंजिन बंद ठेवून दोन-अडीच तास गाणी लावली. पहाटे तीनला माल भरलेली गाडी चालू होईना. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलावून ती ओढेपर्यंत उजाडले आणि बाजारात पोचेपर्यंत लिलाव उरकला होता. त्या दिवशीचा तोटा पेटीच्या किमतीत कोणी धरला नव्हता.

बॅटरीचा हिशेब

३०० वॅटचा अँप्लिफायर पूर्ण जोरात चालला, तर बॅटरीतून सुमारे ३० अँपिअर प्रवाह ओढतो. जुन्या धाटणीचा असेल, तर ४५ अँपिअरपर्यंतही ओढतो. गाडीचे समोरचे दोन्ही दिवे मिळून साधारण १० अँपिअर घेतात. म्हणजे पेटी वाजवणे हे दिव्यांच्या तीन जोड्या एकदम लावण्यासारखे आहे. गाण्यात हा जोर सतत नसतो हे खरे, तरी इंजिन बंद असताना बॅटरीत कोणी भर घालत नाही. खर्च चालू आणि आवक बंद, अशी ती विहीर होते. म्हणून इंजिन बंद असताना मोठ्याने वाजवू नये.

तारेचे काम

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजूची तार सोडून ठेवावी. अँप्लिफायरची मुख्य तार बॅटरीच्या धन टोकापासून थेट आणावी. डेकच्या किंवा दिव्याच्या बारीक तारेला जोड देऊ नये. या मुख्य तारेवर बॅटरीपासून एका हाताच्या, म्हणजे दीड फुटाच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. पत्र्यावर घासून तार उघडी पडली, तर हा फ्यूजच गाडीला आगीपासून वाचवतो. फ्यूज अँप्लिफायरजवळ असून उपयोग नाही, कारण मधली सगळी तार मोकळीच राहते. पत्र्याच्या भोकातून तार नेताना भोकाला रबरी बुश बसवावा.

पंपाला अरुंद पाइप जोडला, तर पाणी कमी पडते. बारीक तारेचे तसेच आहे, शिवाय ती तापते. तांब्याची ८ गेजची तार पाच मीटरपर्यंतच्या अंतरावर ३० ते ४० अँपिअरला पुरते. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम अशीही तार मिळते. चाकूने खरवडून पाहावे. आत पांढरे दिसले, तर ती तार कमी प्रवाह वाहते. ती नको, किंवा एक माप जाड घ्यावी.

अर्थिंगची तार मुख्य तारेइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड असावी. ती चॅसिसच्या धातूला, तिथला रंग खरवडून, बोल्टने घट्ट आवळावी. रंगावर बसवलेल्या अर्थिंगमुळे आवाजात घुरघुर येते. डेककडून येणारी गाण्याची तार मुख्य तारेच्या शेजारून नेऊ नये. एक गाडीच्या डावीकडून, तर दुसरी उजवीकडून न्यावी.

पेट्यांची जोडणी

चार ओहमच्या दोन सबवूफरच्या धनला धन व ऋणला ऋण जोडले, तर अँप्लिफायरवर दोन ओहमचा भार येतो. एकामागून एक जोडले, तर आठ ओहमचा येतो. ओहम कमी, तितका प्रवाह जास्त. आपला अँप्लिफायर कमीत कमी किती ओहमला चालतो, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहूनच जोडणी ठरवावी.

बटणे जुळवणे

‘गेन’ नावाचे बटण आवाज वाढवण्यासाठी आहे, असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. फवारणी पंपाचा दाब आपण नोझलप्रमाणे जुळवतो, तसे डेककडून येणाऱ्या संदेशाशी अँप्लिफायर जुळवण्यासाठी ते बटण आहे. गेन फार वाढवला, की आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटले जातात. आवाज फाटतो आणि सबवूफरची गुंडाळी तापून जळते.

जुळवण्याची रीत अशी. सबवूफरच्या तारा अँप्लिफायरपासून सोडाव्यात. गेन आणि बास बूस्ट शून्यावर, ‘लो-पास’ तेवढ्यापुरते वरच्या टोकाला, डेकचे बास मध्यावर आणि आवाज पाऊण भागापर्यंत ठेवावा. पेनड्राइव्हवरून ५० हर्ट्झचा चाचणीचा सूर लावावा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अँप्लिफायरच्या बाहेर जाणाऱ्या टोकांना लावावा आणि ठरलेला आकडा येईपर्यंत गेन हळूहळू वाढवावा.

हा आकडा म्हणजे वॅट गुणिले ओहम, त्याचे वर्गमूळ. ३०० वॅट व ४ ओहम असतील, तर गुणाकार १२०० आणि वर्गमूळ ३४.६ व्होल्ट. हिशेब शाळेत जाणारी मुलगीही करून देईल. वॅट मात्र सतत देण्याच्या ताकदीचे, म्हणजे ‘आरएमएस’ धरावेत. खोक्यावरचा मोठा आकडा धरू नये. अँप्लिफायर आणि सबवूफर यांत ज्याचे वॅट कमी, तेच घ्यावेत.

मग सबवूफर जोडून ‘लो-पास’ ८० हर्ट्झच्या आसपास आणावे. ही एक चाळणी आहे. ती जाड आवाज सबवूफरकडे सोडते, बाकीचा अडवते. पेटीला हवेचे भोक असेल, तर ‘सबसॉनिक’ २५ ते ३० हर्ट्झवर ठेवावे. बास बूस्ट शून्यावरच राहू द्यावे.

कानाचे आणि शेजाऱ्याचे

८५ डेसिबलचा आवाज आठ तास कान सोसतो. त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटांवर येते. लहान मुले गाडीत असताना हे विसरू नये. चालवताना मागच्या गाडीचा भोंगा ऐकू आला पाहिजे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ रात्रीची धरली असून वस्तीसाठी मर्यादा दिवसा ५५, तर रात्री ४५ डेसिबल आहे.

पहिल्या दिवशी अर्धा तास वाजवून, गाडी बंद करून मुख्य तार व फ्यूजच्या घराला हात लावून पाहावा. ते गरम लागले, तर जोड सैल आहे किंवा तार बारीक आहे. ते दुरुस्त झाल्याशिवाय गाडी बाजाराला काढू नये.